परकीय कर्ज आणि अंतर्गत शांतता

तेलंगणातील सशस्त्र शेतकरी-संघर्ष १९५१ मध्ये ओसरत होता. त्याच वर्षी रोह्याच्या देशमुख घराण्यातील अर्थमंत्री चिंतामणराव यांच्या कारकीर्दीत अमेरिकेकडून १९ कोटी डॉलरचे धान्यकर्ज मिळाले. धान्याची तूट त्याने काहीशी भरून निघाली; परंतु ज्या जमिनीवरून रक्त सांडले तिची वाटणी परकीय निधीच्या आवाक्यातील नव्हती. ती गावातच व्हावयाची होती. पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबांना १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर दिले. हरिजनांची मागणी ८० एकरांचीच होती. अर्थात, विनोबांच्या आधी तेथे सैन्य पोहोचले होते, हे भूदानाच्या स्तुतीत सहसा गाळले जाते. दानातील बरीच जमीन पुढे नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही.