मोहाच्या झाडाखाली अस्वल

दोन मित्र आणि अस्वल यांची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेलच. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचे सोंग घेऊन पडून राहतो, अस्वल त्याला हुंगते आणि निघून जाते. गोष्ट सांगणाऱ्याला मैत्रीविषयी काही सांगायचे होते, अस्वलाविषयी नव्हे. कारण ते अस्वल आपल्याकडचे असते, तर झाडावरचा मित्रही निर्धास्त बसू शकला नसता. आपले अस्वल झाडावर चांगले चढते!

हे आपले अस्वल राहते तरी कोठे? फार लांब जायला नको. जळगावहून यावलच्या किंवा रावेरच्या रस्त्याला लागलात, की केळीच्या बागांपलीकडे उत्तरेला निळसर डोंगरांची लांबच लांब भिंत दिसू लागते. ती सातपुड्याची रांग. तेथे मध्य प्रदेशच्या सीमेला लागून यावल अभयारण्य आहे. ते १९६९ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर आहे. याच रांगेच्या कडेने पश्चिमेकडे गेले, की धुळे जिल्ह्यातला शिरपूर तालुका लागतो, आणि त्याच्याही पुढे तोरणमाळ. तोरणमाळचा मुलूख १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. आता तो नंदुरबार जिल्ह्यात मोडतो. खानदेशाच्या दक्षिण कडेला, चाळीसगाव-कन्नडच्या डोंगरांत, गौताळा अभयारण्य आहे. सातपुड्याच्या जंगलपट्ट्यात आणि गौताळ्यात आजही अस्वल आढळते. तरीही डोंगराच्या पायथ्याशी राहणारे, पण अस्वल आयुष्यात एकदोनदाच पाहिलेले लोक पुष्कळ भेटतात. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधण्यासाठी घटकाभर उत्तर अमेरिकेच्या टोकाला, अलास्कात जाऊ. तेथे मॅकनील नावाची एक आडबाजूची नदी आहे. रस्ता नाही, पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये सामन जातीचे मासे अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत शिरतात आणि प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. वाटेत एक लहानसा धबधबा आहे. मासे तेथे अडतात, उड्या मारतात, आणि तपकिरी अस्वले पाण्यात उभी राहून त्यांना पकडतात. (याच जातीच्या अस्वलांना अमेरिकेच्या आतल्या मुलखात ग्रिझली म्हणतात.) एका वेळी सत्तरच्या वर अस्वले तेथे मोजली गेली आहेत, तीही भर उजेडात! माणसांना मात्र तेथे मोजूनमापून सोडतात. १९७३ पासून चिठ्ठ्या टाकून परवाने देण्याची पद्धत आहे. दिवसाला फक्त १० माणसे, आणि त्यांच्याबरोबर जाणकार वाटाडे. माणसे रोज त्याच वाटेने येतात, त्याच जागी बसतात, अस्वलांना काही खायला देत नाहीत. त्यामुळे अस्वले त्यांच्याकडे लक्षच देत नाहीत.

एरवी एकलकोंडी असणारी ही जनावरे तेथे गर्दी करतात ती केवळ अन्नापोटी. अन्न एका जागी, एका वेळी, ढिगाने मिळते. अलास्कात जणू पंगतच बसते. आपल्या अस्वलाच्या नशिबी पंगत नाही. त्याला माधुकरी मागत दारोदार हिंडावे लागते. एका वारुळात थोडी वाळवी, दुसरीकडे मुंग्या, कोठे मधाचे पोळे, हिवाळ्यात बोरे, उन्हाळा संपता संपता जांभळे. अन्न असे विखुरलेले, म्हणून अस्वलही विखुरलेले आणि एकटे. शिवाय अंगावर दाट काळे केस. उन्हात फिरणे त्याला सोसत नाही. ते संध्याकाळी बाहेर पडते आणि सकाळी ऊन चढण्याच्या आत खडकाच्या कपारीत शिरते. मग तुम्हा-आम्हाला ते दिसावे कसे?

पण वर्षातले तीन-चार आठवडे असे येतात, की आपल्या अस्वलाचीही पंगत मांडली जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो तेव्हा. आणि त्या पंगतीला दुसराही एक पाहुणा असतो. तो कोण, हे पाहण्यासाठी आता आपण अभयारण्यात जाऊ. समजा, वन खात्याची परवानगी काढून आपण रावेर तालुक्यातल्या पाल या गावी आलो आहोत. या डोंगरात जन्म गेलेले एक वाटाडे आपल्याबरोबर आहेत. आपण त्यांना आबा म्हणू.

तुम्ही उत्साहाने पहाटे चारलाच उठून बसला आहात. पण आबा काही हलायला तयार नाहीत. “तांबडं फुटू द्या, चांगलं दिसू लागू द्या, मग निघू,” ते म्हणतात. अस्वल पाहायचे तर अंधारातच जायला नको का? आबा नुसते हसतात.

उजाडल्यावर आपण सुकी नदीच्या खोऱ्यात उतरतो. साग, सालई, अंजन, धावडा. बहुतेकांची पाने गळलेली. पायाखाली वाळका पाला करकरतो. पहिली खूण ओढ्याच्या मऊ रेतीत सापडते. कोणीतरी अनवाणी माणूस येथून गेला असावा असेच वाटते, कारण अस्वल आपल्यासारखेच पाऊल पूर्ण टेकून चालते. पण नीट पाहा. बोटांच्या बऱ्याच पुढे पाच खोल टिंबे आहेत. ती नखांची. वाघ-बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात नखे उमटत नाहीत. अस्वलाला ती आत घेता येत नाहीत. पुढच्या पायांची त्याची नखे सात-आठ सेंटिमीटर लांब आणि आकडीसारखी वाकडी असतात. तुमच्या पट्टीवर एवढी लांबी मोजून पाहा, म्हणजे कल्पना येईल.

ही नखे कशासाठी, ते पुढच्या वळणावर कळते. दगडासारखे टणक वारूळ बाजूने फोडलेले आहे आणि आत हातभर खोल खड्डा आहे. कुदळीने खणावा तसा! वाळवी, म्हणजे आपली उधई, खाण्याची अस्वलाची तऱ्हा मोठी मजेदार आहे. ते आधी वारूळ फोडते. मग भोकात तोंड घालून जोराने फुंकर मारते, म्हणजे माती उडून जाते. आणि मग ओठांचा चंबू करून वाळवी ओढून घेते. बशीतला गरम चहा आपण भुरका मारून पितो ना, अगदी तसे. हा भुरक्याचा आवाज शांत रात्री शंभर-दीडशे मीटरवरही ऐकू जातो. यासाठी त्याच्या तोंडाची घडणच वेगळी आहे. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून वाळवी सरळ आत जाते. टाळू खोलगट असते, ओठ लांब आणि कसेही वळणारे असतात, आणि नाकात माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेता येतात.

या लांब नखांनी आणि नसलेल्या दातांनी एकदा मोठ्या विद्वानांनाही चकवले होते. १७९१ साली इंग्लंडमधले प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा दक्षिण अमेरिकेत झाडांना उलटा लटकणारा जो मंद स्लॉथ, त्याच्या कुळात त्यांनी याला बसवले! पुढे चूक उमगली, कूळ बदलले. पण इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’ हे नाव कायमचे चिकटले. बिचारे अस्वल काही आळशी नाही. ते हिवाळ्यात दीर्घ झोपसुद्धा घेत नाही. अलास्कातल्या अस्वलाला बर्फाचे महिने उपाशी झोपून काढायचे असतात, म्हणून ते माशांवर ताव मारून चरबी साठवते. आपल्याकडे वाळवी बारा महिने मिळते. मग झोपायचे कशाला?

आबा वाटेच्या कडेला थांबतात आणि काठीने एक काळसर ढीग दाखवतात. नाक मुरडू नका. शास्त्रज्ञ अस्वलाच्या आहाराचा अभ्यास विष्ठेवरूनच करतात. या ढिगात मोहाच्या फुलांचा चोथा आहे आणि वाळवीची बारीक डोकी चमकताहेत. पावसाच्या तोंडावर आलात तर यात बहाव्याच्या किंवा जांभळाच्या बिया दिसतील. त्या न मोडता पोटातून बाहेर पडतात आणि खताच्या गोळ्यासकट दूरवर पेरल्या जातात. अलास्कातली अस्वलेही अर्धेमुर्धे खाल्लेले मासे काठावरच्या रानात टाकतात, आणि त्यातला नत्र तेथल्या झाडांना मिळतो.

आता आपण मोहापाशी आलो. गोड, थोडा उग्र वास आधीच नाकात शिरला आहे. मोहाचे फूल पाकळ्या-पाकळ्यांनी गळत नाही. त्याची रसाळ, मण्यासारखी पांढुरकी वाटी अखंड खाली पडते. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. फुले गळतात मुख्यतः रात्री उशिरा आणि पहाटे. म्हणजे अस्वलाची फिरण्याची शेवटची वेळ आणि झाडाखाली ताजा सडा पडण्याची वेळ एकच.

आणि तीच वेळ असते माणसाची. सातपुड्यातल्या तडवी, भिल्ल, पावरा कुटुंबांना मोहाची फुले म्हणजे वर्षाच्या मिळकतीतला एक भाग. उशीर झाला तर गुरे, हरणे, माकडे फुले फस्त करतात. म्हणून बायका, मुले टोपल्या घेऊन अंधारातच निघतात. फुले वेचणारा माणूस खाली वाकलेला आणि गप्प असतो. अस्वलाचेही तोंड पाल्यात, स्वतःच्याच फुसफुसण्याचा आवाज कानात. त्याचे नाक फार तीक्ष्ण असते, पण नजर आणि कान त्या मानाने कमी. वारा उलटा असला, की दोघांना एकमेकांचा पत्ताच लागत नाही; आणि लागतो तेव्हा अंतर चार-पाच हात उरलेले असते.

अशा वेळी अस्वल पळत नाही, अंगावर येते. ते माणसाला खायला येत नाही, घाबरून येते. शास्त्रज्ञांना वाटते की वाघाच्या शेजारी हजारो पिढ्या राहिल्यामुळे ही सवय जडली असावी; वाघापुढे पाठ फिरवून पळणाऱ्याची धडगत नसते. आईच्या पाठीवर पिले असतील तर ती अधिकच बिथरते. होय, पाठीवर! पिले बहुधा डिसेंबर-जानेवारीत गुहेत जन्मतात, दोन-तीन महिन्यांनी बाहेर येतात, आणि पुढे कित्येक महिने आईच्या पाठीवरचे लांब केस धरून हिंडतात. हिशेब करा: पिलांची ही पहिली सफर नेमकी मोहाच्या दिवसांत येते.

हा धोका किती खरा आहे? १९९८ ते २००० या काळात बिलासपूरच्या जंगलभागात (तो आता छत्तीसगडमध्ये आहे) केलेल्या पाहणीत अस्वलांचे १३७ हल्ले नोंदले गेले. त्यांत ११ माणसे दगावली. जे वाचतात, त्यांतल्या अनेकांच्या चेहऱ्यावर त्या लांब नखांच्या खुणा जन्मभर राहतात.

आता कळले ना, आबा पहाटे का हलले नाहीत? त्यांचे नियम साधे आहेत. पुरते उजाडल्यावर निघायचे. एकट्याने जायचे नाही. बोलत, काठी आपटत चालायचे, म्हणजे अस्वलाला आधी कळते आणि ते आपणहून बाजूला होते. लांबून दिसलेच तर न धावता हळूहळू मागे सरायचे. अगदी अंगावर आले, तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकायची. एवढ्यापुरती ती जुनी गोष्ट खरी म्हणायची! आबांना आणखी एका गोष्टीचा राग आहे. फुले सहज दिसावीत म्हणून काही जण मोहाखालचा पाला पेटवून देतात, आणि ती आग रानभर पसरते. आबा झाडाखाली जुनी लुगडी अंथरतात. रात्रभर फुले त्यावर पडतात. उन्हे आल्यावर चारी टोके उचलली की काम झाले. वाकून वेचणे नाही, अंधारात जाणेही नाही.

दहा वाजत आले. ऊन तापले. अस्वल काही दिसले नाही, आणि आता दिसणारही नाही. परतताना आबा समोरच्या काळ्या खडकातली एक कपार लांबूनच बोटाने दाखवतात. दुर्बीण लावली तर तोंडाशी थोडी उकरलेली माती दिसते, बाकी काळोख. जवळ जाऊ का, असे विचारायच्या आत आबा वळून चालू लागलेले असतात, काठी दगडावर आपटत, मोठमोठ्याने बोलत.