‘म्यूटिनी’ या शब्दात काय दडलंय?

कोल्हापुरात चिमासाहेब चौकातून आपण रोज जातो-येतो. चिमासाहेब म्हणजे छत्रपती बाबासाहेब महाराजांचे धाकटे बंधू. १८५७ च्या उठावात हात असल्याच्या संशयावरून इंग्रजांनी त्यांना कराचीला नेऊन ठेवलं. १८६९ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. इंग्रजी पुस्तकांत या साऱ्या प्रकरणाला एकच नाव, ‘म्यूटिनी’. आज आपण हा शब्द जरा उकलून बघू.

त्याचं मूळ लॅटिन ‘मोव्हेरे’, म्हणजे हलणं, हलवणं. तिथून तो जुन्या फ्रेंचमध्ये गेला, अर्थ झाला खळबळ, उठाव. आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. मोटर, मोशन, आपल्या खिशातला मोबाइल, ही सगळी त्याच घरची भावंडं. ‘मॉब’ सुद्धा! ‘मोबिले व्हल्गुस’, म्हणजे चंचल जमाव, या लॅटिन शब्दांचं ते तोडकं रूप. गंमत बघा, मराठीत चळण्यावरूनच आपण ‘चळवळ’ म्हणतो. हलण्याचीच कल्पना, पण आपल्या शब्दाला मान आहे.

इंग्रजीत मात्र ‘म्यूटिनी’चा अर्थ आवळत गेला. पगारी शिपायानं किंवा खलाशानं आपल्याच अधिकाऱ्याचा हुकूम मोडणं, म्हणजे म्यूटिनी. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात २७ व्या पलटणीचे शिपाई उठले, त्याला हा शब्द लागू पडतो. पण डिसेंबरात शहराचे दरवाजे बंद करून पुन्हा उठाव झाला, तेव्हा ती पलटण निःशस्त्र झालेली होती. मग हुकूम मोडला कुणी? कर्नल जेकब यांनी तोफांनी दरवाजा फोडून तो उठाव चिरडला, आणि पुढे आपल्या पुस्तकाच्या नावात ‘म्यूटिनीज’ हाच शब्द घातला. आम्हाला हे नुसतं शब्दांचं दुर्लक्ष वाटत नाही. म्यूटिनी म्हटलं की समोरचा आधीच नोकर ठरतो, त्याची तक्रार काय होती हे विचारायचं कारणच उरत नाही.

१८४४ च्या गडकऱ्यांना तर हा शब्द चिकटवताच येईना. सामानगड, भुदरगड, पन्हाळ्याचे ते गडकरी छत्रपतींचे वतनदार, कंपनीचे चाकर नव्हेत. त्यांच्या जमिनी आणि हक्कांवर गदा आली म्हणून ते उठले. तिथं ‘रिबेलियन’ चालतं. लॅटिनमध्ये ‘बेल्लुम’ म्हणजे युद्ध, ‘रे’ म्हणजे पुन्हा: जिंकलेल्या लोकांनी परत सुरू केलेलं युद्ध. कोल्हापूर तर तहानं बांधलेलं राज्य होतं.