पूल कंप पावतो, तेव्हा काय सांगतो?

चेन्नई : रामेश्वरला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या, १९१४ मध्ये खुल्या झालेल्या पांबन रेल्वे पुलावरील वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये थांबवण्यात आली. जहाजांसाठी उघडणाऱ्या भागावर आयआयटी मद्रासने बसवलेल्या सेन्सरनी धोक्याचा इशारा दिला होता.

प्रत्येक पुलाची स्वतःची नैसर्गिक कंपन-वारंवारता असते. गंज किंवा तड्यांमुळे त्याचा ताठपणा घटला, की ही वारंवारता कमी होते. कंपनांच्या नोंदीत कोणत्या वारंवारता आहेत, हे ‘फूरिए रूपांतर’ या गणिती पद्धतीने समजते. त्यांत बदल केव्हा झाला, हे ‘वेव्हलेट रूपांतर’ दाखवते. मात्र, ऊन-थंडीमुळेही वारंवारता बदलत असल्याने एकाच नोंदीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. तापमानासह दीर्घकाळ ठेवलेल्या नोंदींशी तुलना केल्यावरच खरी हानी वेगळी ओळखता येते.

बारीक तडा मात्र एकूण वारंवारतेत जेमतेम फरक पाडतो. त्यामुळे ही पद्धत प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नसून, ती कोठे आणि केव्हा करावी याची पूर्वसूचना आहे.

पांबनच्या जुन्या पुलावरून रेल्वे पुन्हा धावली नाही. शेजारच्या नव्या पुलाचे उद्घाटन ६ एप्रिल २०२५ रोजी झाले.