अ‍ॅपच्या मागचा सर्व्हर
ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले ते फक्त आयफोनवरचे अ‍ॅप म्हणून. तरी त्याचा मागचा सारा डोलारा जँगो या सर्व्हरवर चालणाऱ्या वेब फ्रेमवर्कवर उभा होता. हे जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स शहरातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ मध्ये आकाराला आले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. बातम्यांची संकेतस्थळे झटपट उभी करण्यासाठी बनवलेले हे साधन फोटोंच्या अ‍ॅपला कसे चालले?

कारण पान सजवणे हा त्याच्या कामाचा लहानसा भाग होता. विनंती कोणाकडून आली, त्याला परवानगी आहे का, डेटाबेसमधून काय काढायचे, काय नोंदवायचे, ही खरी कामे. पूर्वी उत्तरादाखल एचटीएमएलचे अख्खे पान जाई. आता बहुधा जेसॉन स्वरूपातली नुसती माहिती जाते आणि पडदा फोन रंगवतो.

उरलेले काम फोनवर ढकलणे मला धोक्याचे वाटते. फोन वापरणाऱ्याच्या हातात असतो आणि त्यातल्या अ‍ॅपमध्ये फेरफार करता येतो. खात्यात शिल्लक आहे की नाही, याचा अंतिम निवाडा म्हणूनच सर्व्हरने करायचा असतो. शिवाय अ‍ॅपच्या जुन्या आवृत्त्या अनेकांच्या फोनमध्ये तशाच राहतात. सर्व्हरवरची चूक मात्र एकदा दुरुस्त केली की सगळ्यांसाठी दुरुस्त होते.

अ‍ॅप बनवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनो, पडद्याला देता तेवढाच वेळ सर्व्हरलाही द्या.