कार्ल्याचे खांब आणि अथेन्सची सभा

ग्रीक लोकशाही शिकविताना मला कार्ल्याचे लेणे आठवते. तिथल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची, दर्शनी भागावर सुतार सामीची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. ओळख सांगितली आहे ती गावाने नि धंद्याने.

अथेन्समध्ये इ. स. पू. ५९४ च्या सुमारास सोलनने कर्जापायी लादली जाणारी गुलामी बंद केली. ५०८ मध्ये क्लेइस्थेनिसने कुळांची मिरास मोडून नागरिकत्व गावाच्या नोंदीवर बसविले. स्त्रिया आणि गुलाम मात्र सभेबाहेरच राहिले.

आपल्याकडे भिक्षुसंघात शलाकांनी मतदान होई. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी संघाच्या या संसदीय रीतीची आठवण दिली, आणि ही लोकशाही भारताने एकदा गमावली आहे, असे बजावलेही. आज मत आहे. पण गाव जर आम्हांला अजून जातीवरूनच ओळखत असेल, तर क्लेइस्थेनिस आमच्या वेशीबाहेरच उभा आहे.