संगणकाचा आवाज तुटक का येतो?

घरच्या संगणकावर गाणे लावले, की पहिल्या चार ओळी नीट ऐकू येतात आणि मग मध्येच आवाज अडखळतो. कधी बारीकसा 'टक' असा खटका बसतो, कधी एखादा शब्द अर्धवट गिळला जातो, तर कधी जुन्या तबकडीवर सुई अडकावी तसा तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. गाण्याच्या बाबतीत हा केवळ रसभंग असतो. परंतु ऑनलाइन तोंडी परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा दूरच्या शहरातील डॉक्टरांचा सल्ला ऐकणाऱ्या रुग्णाला एखादा शब्द निसटणेही परवडणारे नसते.

अशा वेळी पहिला संशय स्पीकरवर घेतला जातो. नवे स्पीकर येतात, तरी आवाज तुटतोच. मग संगणक दुरुस्तीला जातो, तेथे 'फॉरमॅट' करण्याचा सल्ला मिळतो आणि त्या भरात अनेकदा वर्षानुवर्षे जपलेली छायाचित्रे व कागदपत्रे पुसली जातात. वस्तुतः तुटक आवाजाचे मूळ स्पीकरमध्ये क्वचितच असते. हा दोष बहुधा वेळेचा असतो. आवाजाचा पुढचा तुकडा ठरल्या क्षणी पोहोचत नाही. तो कोठे रखडला हे शोधून काढले, की निम्मी दुरुस्ती झालीच. आणि या शोधासाठी पैसा लागत नाही.

आवाज तुटतो म्हणजे काय होते?

संगणकात ध्वनी अखंड लहरीच्या रूपात नसतो; तो आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीचे मोजमाप घेण्याचे प्रमाण ठरले. आजच्या संगणकांवर ४८,००० हे प्रमाण सर्रास आढळते. ही मोजमापे त्याच क्रमाने आणि त्याच गतीने पुन्हा विद्युतलहरीत रूपांतरित झाली, तरच मूळ आवाज ऐकू येतो.

मात्र संगणकाचा प्रोसेसर एका वेळी शेकडो कामांत गुंतलेला असतो. तो दर मोजमापासाठी हजर राहू शकत नाही. म्हणून आवाजाचा थोडा साठा आगाऊ तयार करून स्मृतीच्या एका छोट्या कप्प्यात ठेवला जातो. या कप्प्याला 'बफर' म्हणतात. आपल्याकडे अनेक शहरांत नळाला ठरावीक वेळीच पाणी येते. पण गच्चीवरील टाकी भरलेली असल्याने स्वयंपाकघरातील नळ दिवसभर चालतो. बफरचे काम या टाकीसारखेच आहे. टाकी रिकामी होण्यापूर्वी पुढचे पाणी आले नाही, तर नळ फुरफुरतो. बफर रिकामा झाला, की आवाजात पोकळी निर्माण होते आणि लहर अचानक तुटल्यामुळे खटका ऐकू येतो.

ही टाकी फारच लहान असते. विंडोज प्रणालीचा ध्वनिविभाग सामान्यतः १० मिलिसेकंदांच्या हप्त्यांनी काम करतो. सेकंदाला ४८,००० मोजमापे धरली, तर एका हप्त्यात केवळ ४८० मोजमापे येतात. पुढचा हप्ता तेवढ्या अवधीत तयार झाला नाही, तर दोष कानाला कळतो. मनुष्याचा कान या बाबतीत डोळ्यापेक्षा काटेकोर आहे. सेकंदाला २४ चित्रे दाखवणाऱ्या चित्रपटातील एखादे चित्र गळाले, तर ते सहसा लक्षातही येत नाही. परंतु सलग आवाजातील अवघ्या दोन-तीन मिलिसेकंदांची पोकळी कान पकडू शकतो. म्हणूनच चित्र सुरळीत दिसत असताना आवाज मात्र तुटतो, असा अनुभव येतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. संगणक सरासरीने वेगवान असणे पुरेसे नाही. तो वक्तशीरही असावा लागतो. नव्या, महागड्या यंत्रावरही आवाज तुटू शकतो, तो यामुळेच.

तक्रार नेमकी कोणती?

आवाजाच्या प्रत्येक तक्रारीचे कारण एक नसते. सतत घुमणारा, खर्जातला गुणगुणाट येत असेल, तर वीजजोडणीतील अर्थिंग तपासावे लागते. वायर हलवल्यावर खरखर होत असेल, तर पिन सैल किंवा वायर आतून तुटलेली असते. आवाज मोठा केल्यावरच तो फाटल्यासारखा येत असेल, तर तो क्षमतेपेक्षा जास्त वाढवला गेला आहे. ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन सुरू होताच गाणे जुन्या टेलिफोनसारखे दबलेले वाटत असेल, तर हेडफोन संभाषणाच्या कमी दर्जाच्या पद्धतीत गेलेला असतो. या तक्रारी निराळ्या आहेत. आवाज मूळचा स्वच्छ असून तो मधूनमधून गळत किंवा अडखळत असेल, तरच पुढील चाचण्या उपयोगी पडतील.

चार सोप्या चाचण्या

चाचण्यांपूर्वी संगणक एकदा 'रीस्टार्ट' करावा. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर अनेक संगणकांत प्रणालीचा काही भाग तसाच जतन केला जातो, जेणेकरून पुढच्या वेळी तो लवकर सुरू व्हावा. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. कित्येकदा एवढ्यानेच दोष नाहीसा होतो.

पहिली चाचणी : संगणकातच साठवलेले गाणे वाजवून पाहावे. ते नीट वाजत असेल आणि फक्त इंटरनेटवरील गाणी किंवा संभाषणे तुटत असतील, तर दोष इंटरनेटच्या वाटेवर आहे.

दुसरी चाचणी : साठवलेले गाणेही तुटत असेल, तर वाय-फाय पूर्ण बंद करून तेच गाणे पुन्हा लावावे. आता ते सुरळीत वाजले, तर वाय-फायचा ड्रायव्हर किंवा त्याच्या रेडिओलहरी आवाजाच्या आड येत आहेत.

तिसरी चाचणी : ब्लूटूथ हेडफोन वापरत असल्यास तो बाजूला ठेवून साधा वायरचा इअरफोन लावावा. फरक पडला, तर दोष बिनतारी जोडणीत आहे.

चौथी चाचणी : तोच इअरफोन किंवा स्पीकर मोबाइलला जोडून पाहावा. तेथेही आवाज तुटला, तरच तो बदलण्याचा विचार करावा.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निष्कर्ष कागदावर टिपून ठेवावा. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर आवाज सुधारला तरी कशामुळे सुधारला हे कळत नाही.

दोष इंटरनेटचा असल्यास

गाणी किंवा चित्रफिती पाहताना काही सेकंदांचा साठा आधीच उतरवून घेतला जातो. त्यामुळे इंटरनेट क्षणभर मंदावले तरी आवाज चालू राहतो. दोन व्यक्तींच्या संभाषणात अशी सवलत नसते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला पोहोचण्यास शक्यतो १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागू नये. अन्यथा संभाषणातील सहजता हरवू लागते. म्हणून येथे साठा अत्यल्प ठेवावा लागतो. आवाज साधारणतः २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे सेकंदाला ५० पुडक्यांत पाठवला जातो. काही पुडकी उशिरा आली किंवा हरवली, की शब्द तुटतात. इंटरनेटचा 'वेग' तपासणाऱ्या चाचणीत मोठा आकडा दिसूनही संभाषण अडखळते, त्याचे कारण हेच. तो आकडा क्षमता सांगतो, नियमितपणा सांगत नाही.

उपाय सोपे आहेत. शक्य असल्यास राउटरपासून संगणकापर्यंत केबल जोडावी. ते शक्य नसेल, तर २.४ गिगाहर्ट्झऐवजी ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय निवडावे व राउटरच्या जवळ बसावे. कारण ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तितक्या सहज जात नाहीत. महत्त्वाच्या संभाषणाच्या वेळी घरातील मोठी डाउनलोड थांबवावीत आणि गरज नसल्यास स्वतःचा कॅमेरा बंद ठेवावा.

दोष संगणकाच्या आत असल्यास

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्यास विंडोजमध्ये 'टास्क मॅनेजर' उघडतो. आवाज तुटत असताना त्यातील प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे रकाने पाहावेत. एखादा आकडा सतत शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, तर कोणता प्रोग्राम तो व्यापून आहे हे तेथेच दिसते. व्हायरस तपासणी, अद्ययावतीकरण किंवा ब्राउझरमधील डझनभर उघडी पाने ही नेहमीची कारणे होत.

उन्हाळ्यातच हा त्रास वाढत असेल, तर उष्णतेचा विचार करावा. प्रोसेसर तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो. नागपूर किंवा जयपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात खोलीचेच तापमान मोठे असते; त्यात पंख्याच्या जाळीत धूळ साचली असेल किंवा लॅपटॉप गादीवर ठेवला असेल, तर उष्णता बाहेर पडण्यास वाट राहत नाही. जाळी साफ करणे आणि लॅपटॉप टणक, सपाट पृष्ठभागावर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालतानाच आवाज तुटत असेल, तर वीजबचतीची व्यवस्था बदलून 'सर्वोत्तम कार्यक्षमता' हा पर्याय निवडून पाहावा.

काही वेळा टास्क मॅनेजरमध्ये सारे शांत दिसते आणि तरीही आवाज तुटतो. येथे संशय ड्रायव्हरवर जातो. ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या एखाद्या भागाचे काम पाहणारा छोटा प्रोग्राम. वाय-फाय, ग्राफिक्स किंवा बॅटरी यांचे ड्रायव्हर आपले निकडीचे काम करून घेण्यासाठी प्रोसेसरला क्षणभर अडवून धरतात. हे अडवणे काही मिलिसेकंद लांबले, तरी ध्वनीचा हप्ता चुकतो. सरासरीच्या आकड्यांत मात्र त्याचा मागमूस दिसत नाही. असा ड्रायव्हर शोधण्यासाठी 'लेटन्सीमॉन' हा प्रोग्राम घरगुती वापरासाठी मोफत मिळतो. तो काही मिनिटे चालू ठेवून गाणे वाजवले, की कोणत्या ड्रायव्हरने सर्वाधिक वेळ घेतला हे तो दाखवतो. संबंधित ड्रायव्हर संगणकाच्या उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच अद्ययावत करावा. त्रास एखाद्या अद्ययावतीकरणानंतर सुरू झाला असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' या पर्यायाने पूर्वीची आवृत्ती परत आणता येते.

ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' हा पर्याय असतो. आवाज भारदस्त करण्यासाठी केलेली ही प्रक्रिया प्रत्येक हप्त्यावर जास्तीचे काम लादते; ती बंद करून फरक पाहावा. तेथेच ध्वनीचे प्रमाण फार मोठे निवडलेले असल्यास ते ४८,००० वर आणावे.

हा दोष काही आजचा नाही. विंडोज एक्सपीच्या काळात डिस्क वाचताना वारंवार चुका झाल्यास प्रणाली जलद पद्धत सोडून 'पीआयओ' नावाच्या संथ पद्धतीवर उतरत असे. मग डिस्कवरील प्रत्येक माहिती प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावी लागे आणि गाणी अडखळत. कारण बदलले, पण तत्त्व तेच राहिले : प्रोसेसर भलत्याच कामात अडकला, की आवाजाची पाळी चुकते.

बिनतारी हेडफोनची अडचण

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते. जुने वाय-फाय, बिनतारी माउस आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सारे याच पट्ट्यात असतात. दाट वस्तीच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या राउटरचीही त्यात भर पडते. शिवाय यूएसबी ३.० जोडणीतून निघणारा विद्युतगोंगाट याच पट्ट्यात अडथळा आणतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक निबंधात दाखवून दिले होते. म्हणून ब्लूटूथचा छोटा डोंगल यूएसबी ३.० च्या हार्ड डिस्कला खेटून लावलेला असेल, तर तो आखूड एक्स्टेंशन केबलने दूर न्यावा. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेल्यानेही ब्लूटूथला मोकळीक मिळते.

फॉरमॅट हा शेवटचा उपाय

इतके करूनही आवाज तुटत राहिला, तर जाणकार तंत्रज्ञाची मदत घ्यावी. मात्र त्यापूर्वी छायाचित्रे, कागदपत्रे आणि अभ्यासाच्या फाइल यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. टिपून ठेवलेले निष्कर्ष तंत्रज्ञाला दाखवावेत. 'आवाज खराब आहे' या तक्रारीपेक्षा 'वाय-फाय बंद केले, की आवाज सुधारतो' हे निरीक्षण त्याला अधिक उपयोगी पडते.

सर्व ड्रायव्हर एका क्षणात दुरुस्त करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे. अनोळखी व्यक्तीने फोनवरून संगणकाचा ताबा मागितल्यास तो देऊ नये. तुटक्या आवाजापेक्षा बँक खात्याचे नुकसान फार मोठे ठरते. विंडोज १० चे नियमित सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने जुन्या यंत्रांसाठी नवे ड्रायव्हर मिळणे यापुढे अधिकाधिक अवघड होत जाईल, हेही ध्यानात घ्यावे. तरीही केवळ आवाज तुटतो म्हणून संगणक मोडीत काढण्याची घाई करू नये. आधी साठवलेले एक गाणे लावावे, वायरचा इअरफोन जोडावा आणि आवाजाची वाट कोठे अडली आहे ते पाहावे.