सांडपाणी शुद्ध करणारा कारागीर

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती आग. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएट संघ यांच्यात करार झाला आणि चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. परंतु पोलादाला आगीइतकेच पाणीही लागते. तांदुळा धरणाच्या कालव्याचे पाणी मरोदाच्या जलाशयात साठवून कारखान्याला आणि वसाहतीला पुरविण्याची व्यवस्था झाली. पाणी आणण्याच्या या कथा आपण कौतुकाने सांगतो. वापरलेले पाणी परत सोडण्याची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि ते काम करणाऱ्या माणसाचे नावही कोणी विचारीत नाही.

हे काम आता रीतसर शिकण्याचे आणि परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविण्याचे झाले आहे. ते तसे का व्हावे लागले, हे समजून घेण्यासारखे आहे.

तळ्यातील शेती

भिलाईच्या वसाहतीतील मैलापाण्यासाठी ऑक्सिडेशन तळी बांधण्यात आली. उथळ, विस्तीर्ण तळ्यात मैलापाणी काही दिवस उन्हात राहू द्यायचे, एवढीच वरवर पाहता त्यातील युक्ती. पाण्यातील घाण सूक्ष्म जिवाणू खातात, त्यासाठी लागणारा प्राणवायू हिरवे शेवाळ सूर्यप्रकाशात निर्माण करते, आणि जिवाणूंनी सोडलेला कर्बवायू पुन्हा शेवाळाला उपयोगी पडतो. आपल्या देशात ऊन मुबलक असल्याने ही पद्धत येथे चांगली रुजली. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, तिचा कसून अभ्यास केला. सोली आर्सीवाला आणि त्यांचे सहकारी यांचा अशा तळ्यांवरील ग्रंथ तिने १९७० साली प्रसिद्ध केला.

तळे आपोआप चालते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. काठावर तण माजले की डास होतात, तळाशी गाळ साचला की तळ्याची धारणाशक्ती घटते, आणि मैला प्रमाणाबाहेर आला की हिरवे पाणी काळे पडून दुर्गंधी सुटते. शेतकरी पिकाचा रंग पाहून दुखणे ओळखतो, तसे येथील माणसाला पाण्याचा रंग वाचावा लागतो.

जेथे जागा अपुरी असते तेथे हेच काम यंत्राने हवा घालून काही तासांत उरकतात. मँचेस्टर येथे १९१४ साली आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी जगापुढे मांडलेली ही ‘सक्रिय गाळा’ची पद्धत आज जगभर रूढ आहे. येथे तर चालकाचे लक्ष क्षणभरही ढळून चालत नाही.

पाणी अहवालाची वाट पाहत नाही

पाण्यात घाण किती, हे मोजण्याचे सर्वमान्य माप म्हणजे ‘बी.ओ.डी.’. पाण्यातील सेंद्रिय घाण खाऊन टाकण्यासाठी जिवाणूंना किती प्राणवायू लागला, हे त्यावरून कळते. नदीत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅमची आहे. ही तपासणी आपल्याकडे २७ अंश सेल्सिअस तपमानात ३ दिवस चालते.

या तीन दिवसांतच या धंद्याचे सारे मर्म आहे. आज सोडलेले पाणी वाईट होते, हे प्रयोगशाळा तीन दिवसांनी सांगणार. तोवर ते नाल्यांतून शिवनाथेला मिळालेले असते, आणि शिवनाथ ते पुढे महानदीकडे घेऊन जाते. खालच्या गावात त्याच पाण्यात कोणी गुरे धुतलेली असतात, कोणी भाजी शिंपलेली असते. म्हणून अहवाल येण्यापूर्वीच पाण्याची प्रकृती ओळखणारा माणूस केंद्रावर हजर असावा लागतो.

त्याची साधने साधीच असतात. लिटरभर मापाच्या काचेच्या नळकांड्यात हौदातील मिश्रण भरावे आणि अर्धा तास थांबावे. गाळ २५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत बसला, आणि लिटरमागे त्याचे कोरडे वजन अडीच ग्रॅम भरले, तर दर ग्रॅमला १०० मिलिलिटर असा हिशेब येतो. ही खूण समाधानाची. तोच आकडा १५० च्या पुढे सरकू लागला की गाळ फुगत चालला असे समजावे. मग तो तळाशी बसेनासा होतो आणि पाण्याबरोबर बाहेर पडतो. हवा कमी पडली, की अन्न अधिक झाले, की कारखान्यातील एखादे रसायन आत शिरले, याचा निदान-विचार त्याच घटकेला करावा लागतो. दहावी झालेल्या मुलालाही हे गणित सहज जमेल. त्याचा अर्थ लावणे मात्र शिकावे लागते.

पावसाळ्याची परीक्षा

जूनमधील पहिल्या सरीचे पाणी निर्मळ असते, ही आपली समजूत कारखान्याच्या गावात खरी ठरत नाही. ते पाणी रस्त्यांवरील तेल, कोळशाची भुकटी आणि खनिजाची धूळ धुऊन आणते. म्हणून पावसाळी गटारांवरील निवळण-हौद आणि तेल अडविणारे सापळे पावसापूर्वीच उपसून ठेवावे लागतात. पावसाचे पाणी मैलावाहिनीत शिरले तर केंद्रावर एकाएकी लोट येतो आणि महिनोन्‌महिने जोपासलेले जिवाणू तासाभरात वाहून जातात. अंगणातील पन्हळ मैलावाहिनीला जोडू नये, स्वयंपाकाचे तेल आणि चिंध्या मोरीत टाकू नयेत, हे म्हणूनच प्रत्येक गृहिणीने आणि गृहस्थाने लक्षात ठेवावे.

प्राणावर बेतणारे अज्ञान

या कामात खरा शत्रू वायू आहे. साचलेल्या मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभर भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. ‘वास गेला, आता उतरू’ असे म्हणणारा माणूस मृत्यूच्या तोंडी उतरतो, आणि त्याला वाचविण्यासाठी धावणारा दुसराही त्याच्यामागे जातो.

भिलाईने असे दुःख पाहिले आहे. १२ जून २०१४ रोजी पोलाद कारखान्यातील पाण्याच्या पंपगृहात विषारी वायू शिरून सहा जणांनी प्राण गमावले. त्यांत दोन वरिष्ठ अधिकारीही होते. जलवाहिनीतील दाब घसरल्याने भट्टीचा वायू पाण्याच्या मार्गाने पंपगृहापर्यंत पोचला होता. पाण्याचे काम करणाऱ्यालाही हवेचे ज्ञान हवे, हा त्या दिवसाचा धडा आहे.

मैल्याचे काम आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्या माथी मारले, आणि त्यासाठी ज्ञान लागते हे कधी मानलेच नाही. हाताने मैला साफ करण्याची प्रथा आणि संरक्षक साधनांवाचून गटारांची धोकादायक सफाई १९९३ नंतर पुन्हा २०१३ च्या अधिक व्यापक कायद्याने निषिद्ध ठरली. गटारात मृत्यू आल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाखांवर नेली. परंतु रकमेने माणूस परत येत नाही.

शिक्षणाची वाट

आज या क्षेत्रात शिरण्याच्या वाटा खुल्या आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील रासायनिक संयंत्र चालकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ही त्यांपैकी एक. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करून राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविता येते. हरित रोजगार कौशल्य परिषदेने सांडपाणी केंद्रातील मदतनीस आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी पात्रता ठरविल्या आहेत. ज्यांनी वर्षानुवर्षे हे काम हाताने केले, त्यांच्यासाठी पूर्वानुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची पद्धतही कौशल्य योजनांत आहे. छत्तीसगड राज्याने तर २०१३ साली कायदा करून १४ ते ४५ वर्षे वयाच्या तरुणांना कौशल्य-शिक्षणाचा हक्कच दिला. अमेरिकेतील राज्यांत अशा केंद्राच्या चालकाला श्रेणीवार परवाना घ्यावा लागतो; त्यामागील विचारही हाच आहे.

मात्र प्रमाणपत्र एकाच्या खिशात आणि खड्ड्यात उतरणारा दुसराच, असे झाले तर तो कागद निरर्थक आहे. वायुमापक, पट्टा, दोर, हवा भरणारा पंखा आणि वर उभा असलेला जाणता सोबती ही साधने पुरविणे मालकाचे कर्तव्य आहे. ती नसतील तर ‘मी उतरणार नाही’ असे म्हणण्याचे बळ शिक्षणाने कारागिराला यावे. प्रमाणपत्राचा पहिला उपयोग तोच.

नागपूरच्या भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी आज कोराडीच्या वीजकेंद्राला उपयोगी पडते. जे पाणी आपण टाकाऊ मानले, त्याला पुन्हा कामाला लावणारे हे हात आहेत. उद्या आपल्या घरातील मुलाने किंवा मुलीने हा अभ्यासक्रम निवडला, तर नाक मुरडण्यापूर्वी आपण शिवनाथेच्या काठावरील त्या खालच्या गावाची आठवण करावी. तिथल्या घागरीत काय येणार, हे वरच्या गावातील हाच कारागीर ठरवीत असतो.